अथेन्स, रोम आणि आमची खांड

ग्रामपंचायत नवी नवी असताना पेणजवळच्या आमच्या खारेपाटातल्या गावात खाडीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध एका जागी फुटला. खांड खेकड्याच्या बिळाएवढी होती. पूर्वी अशी खांड दिसली की पाहणारा हाक मारी आणि घरटी एक माणूस चिखल घेऊन धावे. परंतु हाकेला ठरावाचा आधार नव्हता, म्हणून सरपंच हैबतरावांनी सभा बोलावली. विषय : खांड कोणी बुजवावी.

बांधालगतचं शेत जनीचं. भात पोटरीला आलेलं. ती सर्वांत पुढे बसली.

मी जुनी पुस्तकं वाचतो, अशी गावात अफवा आहे. जगात अशी कामं कोणावर सोपवत, असं सरपंचांनी मला विचारलं. चुकत असेन तर माफी असावी, असं म्हणून मी सांगितलं की अथेन्सात पुष्कळ अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत. लगेच चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं महिपतीचं. तो मुंबईला गिरणीत होता आणि शिमग्यालाच गावी येई. लोकमताचा मान राखून त्याला पत्र धाडलं.

उत्तर येईपर्यंत खांडीतून कुत्रं जाऊ लागलं. पुन्हा सभा. मी भीत भीत रोमचं सांगितलं : तिथे एका वेळी दोन प्रमुख असत आणि एक दुसऱ्याला अडवू शके. हे सर्वांना फार आवडलं. हैबतराव आणि उपसरपंच पुंडलिक प्रमुख झाले. हैबतरावांनी चिखल मागवला, तो पुंडलिकाने अडवला. पुंडलिकाने दगड मागवले, ते हैबतरावांनी अडवले. दोघेही प्रसन्न होते.

आता खांडीतून होडी गेली असती. चीनमध्ये परीक्षा घेऊन अधिकारी नेमत, हे माझ्या तोंडून निसटलं. ‘बांधाचे महत्त्व’ यावर निबंध झाले. पहिला आला दिनानाथ. त्याचं अक्षर वळणदार होतं. तो बांधाधिकारी झाला, आणि अधिकाऱ्याने चिखलात उतरणं बरं दिसेना.

जनी उठली. “तात्या, तुमच्या पुस्तकान बांध कुनी घातला ता हाय का?”

मी म्हणालो, “त्यांची नावं सहसा नसतात गो.”

मग तिने दारात उभं राहून जुन्या रीतीने हाक मारली. आम्ही सगळे ताडकन उठलो. दिनानाथने विषयपत्रिकेत हाक नसल्याचं दाखवून दिलं. आम्ही बसलो.

भरती आली. पाणी जनीच्या भातात शिरलं आणि भातातून सभेत. तेव्हा मात्र प्रथमच एकमताने ठराव झाला : सर्वांनी पाय वर घ्यावेत.

वाचकहो, या तीन पद्धतींत बरी कोणती, याचा तुम्हीही मनाशी विचार करत असालच. तर या, सभेत जागा आहे. पाय वर घेऊन बसा.