साळवे सरांची निळी दवा

साळवे सर कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची हलवून पाहतात, मगच बसतात. खुर्ची जराशी कुरकुरली तरी "हलायली बरं का ही" म्हणत शर्टाच्या खिशातून छोटी बाटली काढतात. बोल्टच्या आट्यांना लावायचा निळा गोंद असतो तिच्यात. तो वाळला की बोल्ट हादऱ्यानं ढिला होत नाही. सर त्याला 'दवा' म्हणतात. जिंतुरात घराला लागूनच माझं मेडिकल स्टोअर आहे, पण आमच्या गल्लीत दवा म्हटलं की लोकांना आधी माझे शेजारी साळवे सर आठवतात.

जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि रिटायर झाल्यावर सरांना पान्यांचं वेड लागलं. माझ्या चष्म्याच्या स्क्रूला त्यांनी दवा लावली. आता काडी तुटेल, पण स्क्रू निघणार नाही. कुकरच्या दांड्याला लावली, तेव्हा शकुंतलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, त्यांना कुकरसकट अंगणात काढलं होतं.

दोन वर्षं झाली, बाई संभाजीनगरला मुलाकडे असतात. अमोल आणि सूनबाई दोघं नोकरीला, नात लहान. सरांनाही बोलावणं असतं. पण सर म्हणतात, "नवा फ्लॅट हाय हो. तिथं काईच ढिलं न्हाई. मी काय करू जाऊन?"

परवा अमोल, बाई आणि नात दोन दिवसांसाठी आले. गाडीचा ब्रेक किरकिरतोय हे सरांनी गल्लीच्या तोंडाशीच ओळखलं. निघायच्या दिवशी सकाळीच पुढची चाकं काढली.

"बाबा, गॅरेजला टाकू ना," अमोल म्हणाला.

"गॅरेजवाले दवा लावत न्हाईत." विषय संपला.

सरांनी नवे पॅड टाकले. ते पॅड चकतीवर दाबणारा लोखंडी चिमटा, कॅलिपर म्हणतात त्याला, तो परत बसवला, चाकं चढवली. जेवणं झाली आणि मंडळी निघाली.

मी शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात सर आले. पायात चप्पल नव्हती.

"गणेशराव, डाव्या कॅलिपरच्या खालच्या बोल्टला दवा लावली का न्हाई, आठवना मला. बोल्ट हातात होता अन् नात येऊन मांडीवर बसली. तिथून म्होरलं काईच आठवना."

"आवळला तर होता ना?"

"त्येच तर आठवना," म्हणत सरांनी माझं शटर पुरतं खाली ओढलं.

अमोलचा फोन लागेना. बाईंना लावला, तर तो भिंतीपलीकडे सरांच्याच घरात वाजला. चार्जिंगला राहिला होता.

मी मोटारसायकल काढली. मागे सर, त्यांच्या मांडीवर पान्यांची पिशवी. जालना रोडला लागलो. सर एकदा म्हणायचे, "जोरात घ्या," आणि लगेच, "हळू, हळू, रस्ता बघू द्या." ते डांबरावर पडलेला बोल्ट शोधत होते. एका ठिकाणी चमकलं म्हणून थांबलो, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण.

पुढे वळणावर गर्दी दिसली. एक पांढरी गाडी तोंडावर खड्ड्यात गेली होती. अमोलची गाडी पांढरीच. मी ब्रेक मारायच्या आत सर उतरले, पडले, उठले आणि पळत सुटले. लोकांना बाजूला सारत त्यांनी नंबरप्लेटवरचा चिखल हातानं पुसला. गाडी दुसऱ्याच कुणाची होती. आतली माणसं कडेला बसून पाणी पीत होती. सर परत आले आणि रस्त्यात पडलेली पान्यांची पिशवी उचलून मागे बसले.

चारठाणा फाट्यावर चहाच्या टपरीपाशी अमोलची गाडी उभी होती. नातीला मळमळलं म्हणून थांबले होते. सरांनी गेल्या गेल्या जॅक लावला.

"बाबा? काय झालं?"

"सांगतो. आधी चाक काढू दे."

चाक निघालं. सरांनी खालच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. दोन्ही हातांनी जोर दिला, तेव्हा कट्टकन सुटला. आट्यांवर निळा थर होता.

"लावली होती," सर पुटपुटले आणि मातीतच बसले.

"मग झालं ना! बसवा परत," अमोल म्हणाला.

"आता मोडली ना ती. पुसून परत लावावी लागल. मग अर्धा तास तरी बसू द्यावी लागती."

"जन्म गेला ह्यांचा बसू द्या, बसू द्या करण्यात!" बाई कडाडल्या. पण सरांचं फुटलेलं कोपर त्यांना दिसलं. पदर ओला करून त्यांनी ते पुसलं.

सरांनी दवा लावली, बोल्ट आवळला. मग सर आणि बाई दोघं टपरीच्या बाकड्यावर बसली.

"भाकर जमायली का?" बाईंनी विचारलं.

"जमायली. जरा कडक व्हती."

"पाणी कमी पडत असल."

"आसल."

नात आजोबांच्या मांडीवर झोपून गेली.

अमोलनं घड्याळ पाहिलं आणि चाक उचललं. "झाला अर्धा तास. बसवतो आता."

बाई बाकड्यावरून उठल्या. आजवर त्यांनी त्या बाटलीला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं. कॅलिपरपाशी वाकून त्यांनी बोल्टाच्या डोक्यावर बोट फिरवलं.

"वलं हाय आजून," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे जरा वेळ."

सरांनी बाईंच्या बोटाकडे पाहिलं. मीही पाहिलं. बोट कोरडं होतं.

सरांनी सरकून त्यांना बाकड्यावर जागा करून दिली.