रकाना क्रमांक सात

कोरा रकाना मला बघवत नाही. बावीस वर्षं नोंदणी कार्यालयात खिडकी नंबर चारच्या मागे बसून मी हजारो अर्ज परत पाठवले आहेत, आणि त्यातले निम्मे तरी एखाद्या कोऱ्या रकान्यापायी. 'काही नसेल तर निरंक लिहा, पण कोरं सोडू नका,' हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलतो, असं बायको म्हणते. (झोपेत मी आणखीही काही बोलतो म्हणे, पण ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.) तेव्हा त्या रविवारी प्रदर्शनाच्या मैदानावर, बायकोच्या गाडीच्या काचेला लावलेल्या फॉर्मवर मला सात नंबरचा रकाना कोरा दिसला आणि माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला, यात माझा फारसा दोष आहे असं मला अजूनही वाटत नाही.

पण आधी गाडीबद्दल सांगतो. माझ्या बायकोचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी तिने भंगारवाल्याकडून ट्रकवर घालून एक जुन्या मोटारीचा सांगाडा आणला. त्यात इंजिन नव्हतं, बसायला जागा नव्हती आणि मागच्या बाजूला कुत्रीची तीन पिल्लं होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हॉट रॉड," ती म्हणाली.

"कुठे?"

ती नुसती हसली. हॉट रॉड म्हणजे काय हे मला पुढे हळूहळू कळलं. जुनी मोटार घ्यायची, तिचे मडगार्ड उतरवायचे, छप्पर कापून चार बोटं खाली आणायचं, पुढे तिच्या वयाला न शोभणारं दांडगं इंजिन बसवायचं, वर असा रंग द्यायचा की बघणाऱ्याने त्यात केस विंचरावेत. मग ती चालवायची कमी आणि दाखवायची जास्त. वर्षातून एकदा अशा गाड्यांचं प्रदर्शन भरतं, परीक्षक येतात, गुण देतात.

तीन वर्षं घरामागच्या शेडमध्ये बायकोने ही गाडी उभी केली. एकटीने. पत्रा तिने ठोकला, जोड तिने दिले, सीट तिने स्वतः दुरुस्त केलेल्या मशीनवर शिवल्या. इंजिन सुरू करून ती डोळे मिटून उभी राहायची आणि म्हणायची, "तिसऱ्या सिलिंडरात काहीतरी कुरकुरतंय." मला सगळीच कुरकुर सारखी ऐकू यायची. पण खोललं की खरंच तिसऱ्यातच काहीतरी निघायचं. माणसाने आपल्या बायकोचं कौतुक चारचौघांत करू नये म्हणतात, मी करतो. तिच्यासारखे हात मी दुसरे पाहिलेले नाहीत.

माझं काम चहा आणणं आणि टॉर्च धरणं. (पुढे चहा आणून जागेवर ठेवणं आणि निघून जाणं, एवढंच राहिलं.) मात्र एकदा, फक्त एकदा, तिने मला डाव्या दाराच्या बिजागरीचा एक बोल्ट बसवू दिला होता. मी तो पाऊण तास बसवत होतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या बोल्टवर तिने बारीक ब्रशने पिवळी रेघ ओढलेली. मी समजलो, ही शाबासकी. मला इतका आनंद झाला की पुढची दोन वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी चहाआधी तो बोल्ट दाखवत असे.

तर त्या रविवारी मी पांढरा शर्ट घातला होता आणि कफवर मुद्दाम बोटभर ग्रीस लावलं होतं. गाडीशी आपलाही काही संबंध आहे हे लोकांना दिसावं, एवढीच अपेक्षा. बायको हात धुवायला गेली होती. रकाना सात: 'सहाय्यकांची नावे व त्यांनी केलेले काम.' कोरा. मी टोपण काढलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'बोल्ट इत्यादी.'

बोल्ट एकच होता, तेव्हा 'इत्यादी' कशाला, असं तुम्ही विचाराल. नुसतं 'बोल्ट' फार एकटं दिसत होतं.

फॉर्मच्या वर ठळक अक्षरांत 'विभाग: एकहाती' असं छापलेलं होतं. ते मी वाचलं नाही. खिडकीवरही मी वरचं वाचत नाही, नुसते रकाने बघतो.

मुख्य परीक्षक एक बुटक्या बाई होत्या. तंत्रशाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात दोरीला चष्मा आणि हातात लांब दांडीला लावलेला छोटा आरसा. तो आरसा गाडीखाली सरकवून त्या न वाकता सगळं बघत. त्यांच्यामागे दोन सहपरीक्षक पाटी घेऊन चालत आणि बाईंनी भुवई हलवली की गुण लिहीत. बाई आल्या, फॉर्म वाचला, पुन्हा वाचला.

"हे गृहस्थ कोण?"

"मीच," मी कफ पुढे करून म्हणालो.

"मग ही गाडी एकहाती विभागात बसत नाही. खुल्या विभागात लावा. पलीकडे."

पलीकडच्या बाजूला मोठी गॅरेजं होती. एकेका गाडीमागे दहा-दहा माणसं, सारखे टी-शर्ट. बायको नेमकी तेव्हाच हात पुसत परत आली. तिने फॉर्म वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चषकाचं जाऊ द्या हो," ती हळू आवाजात म्हणाली. "तीन वर्षं हे नीट झालंय की नाही, ते फक्त मलाच माहीत आहे. जाणत्या माणसाने एकदा बघून सांगावं, हे सगळं एकटीने केलंय आणि बरोबर केलंय, एवढंच हवं होतं मला. तिकडे कोण कशाला विश्वास ठेवेल?"

मी परीक्षकबाईंसमोर हात जोडले, म्हणालो, मी काहीच केलेलं नाही, उगाच लिहिलं. बाई म्हणाल्या, "मघाशी तर अभिमानाने सांगत होतात. खोटं कधीचं, मघाचं की आत्ताचं?"

इतक्यात शेजारच्या लाल गाडीचा मालक पुढे आला. त्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण त्याच्या गाडीचा आवाज मैदानात सगळ्यात मोठा. बायकोची गाडी पलीकडे हलली असती तर पहिलं बक्षीस त्याचंच होतं, हे कुणीही सांगितलं असतं.

"बाई," तो म्हणाला, "नऊ वर्षं मी याच विभागात येतोय. वहिनींच्या गाडीसमोर हरलो तर हरलो. पण एका फॉर्ममुळे जिंकायचं नाही मला. या माणसाकडे बघा तरी. याने काही केलं असेल असं वाटतं का तुम्हाला?"

माझ्या बाजूने इतकं अपमानास्पद कुणी आजवर बोललेलं नाही. मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

बाईंनी नियमांची वही काढली. सहाय्यकाबद्दल वाद झाला तर त्याची परीक्षा घ्यायची, असा अकरावा नियम होता. त्याला गाडीतलं कळत नाही असं सिद्ध झालं तर त्याचं सहाय्य धरायचं नाही. मला हायसं वाटलं. न कळणं सिद्ध करणं यापेक्षा सोपं काय असणार? तरी धोका नको म्हणून मी ठरवलं, मनात जे उत्तर येईल त्याच्या उलट सांगायचं.

"या इंजिनाला सिलिंडर किती?"

माझ्या मनात आलं चार. मी म्हणालो, "आठ."

बाईंची भुवई वर गेली आणि सहपरीक्षकांनी बरोबरची खूण केली. मला घाम फुटला.

"ही नळी पेट्रोलची की पाण्याची?"

मला अगदी खात्री होती की पेट्रोलची. मी म्हणालो, "पाण्याची." पुन्हा खूण. आता गर्दी जमू लागली होती. बायको डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती.

"या डाव्या चाकाचा नट कुठे फिरवला की सुटतो?"

कुठलाही नट डावीकडे फिरवला की सुटतो, हे तर मलासुद्धा माहीत आहे. लोणच्याची बरणीही तशीच उघडते. मी निर्धास्तपणे छाती काढून सांगितलं, "उजवीकडे."

बाईंनी चष्मा काढला. "या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे चांगल्या चांगल्या मेकॅनिकना पटकन सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नक्की कारकूनच ना?"

सायलेन्सरने कपाळावर हात मारला. एक सहपरीक्षक दुसऱ्याला म्हणाला, डोक्याचं काम याचंच दिसतंय. आणि मी, बावीस वर्षांत प्रथमच कुणीतरी मला हुशार समजत असताना, रडायच्या बेतात होतो. बायको जवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, खरं तेच बोला. तेवढं पुरेल."

मग मी खरं बोललो. बाईंनी कार्बुरेटर दाखवला, मी सांगितलं हॉर्न. रेडिएटरच्या पंख्याला मी आत बसणाऱ्यांना वारा घालणारा पंखा म्हटलं. "आणि हे काय?" त्यांनी इंजिनावरच्या एका सपाट भागावर बोट ठेवलं. मी नीट पाहून म्हणालो, "इथे मी एकदा कप ठेवला होता."

"टॉर्च तरी धरलात का कधी?"

"धरायचे," बायको म्हणाली. "माझ्या डोळ्यांवर."

गर्दी हसली. बाईंची भुवई खाली आली आणि सहपरीक्षकांनी मघाच्या तीन खुणा खोडल्या. पण बाई कच्च्या नव्हत्या. त्या बायकोकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. या गाडीला यांनी कधीच हात लावला नाही?"

'नाही' म्हणाली असती तर सगळं संपलं असतं. तिथे तिला अडवणारं कुणी नव्हतं, मी तर मनातल्या मनात तिला 'नाही म्हण, नाही म्हण' असं विनवत होतो.

"एक बोल्ट बसवला होता त्यांनी," ती म्हणाली. "डाव्या दाराच्या बिजागरीचा."

सायलेन्सरने मान फिरवली. तीन वर्षांची मेहनत एका बोल्टसाठी सोडून द्यायला निघाली होती ही बाई, आणि तिचा आवाजसुद्धा बदलला नव्हता.

"पुढे?" बाईंनी विचारलं.

"पुढे काही नाही."

बाईंनी दार उघडलं, आरसा आत सरकवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग बाकीच्या बिजागऱ्या पाहिल्या, इंजिन पाहिलं, गाडीखाली आरसा फिरवला.

"प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ आहे. ती कुणाची?"

"माझी," बायको म्हणाली. "मोजून आवळायच्या पान्याने मी स्वतः आवळला की रेघ ओढते. बोल्ट जरा हलला तरी रेघ तुटून कळतं."

"स्वतः आवळल्याशिवाय ओढत नाही?"

"नाही."

"मग यांच्या बोल्टवर का आहे?"

बायको खाली बघू लागली. मला मात्र आता बोलल्याशिवाय राहवेना; दोन वर्षं मी तो एकच बोल्ट बघत आलो होतो, बाकीच्यांवरची रेघ मला कधी दिसलीच नव्हती. "ती शाबासकी आहे ना?" मी विचारलं.

"तिरका गेला होता हो तो," ती जमिनीकडे बघतच म्हणाली. "आटे गेले होते. दुसऱ्या दिवशी काढून नवा घातला. तुम्ही इतके खूश होता, सगळ्यांना दाखवत होता. कसं सांगणार?"

आता कुणी हसलं नाही. चषक सोडायला ती तयार होती, पण तो बोल्ट माझा नाही हे चारचौघांत सांगायला तयार नव्हती. मी फक्त विचारलं, "माझा कुठे आहे?"

"बटणांच्या डब्यात. टाकला नाही."

परीक्षकबाईंनी फॉर्म माझ्यापुढे धरला. "तुमचं नाव तुम्हीच खोडा. बाजूला सही, तारीख. आणि रकाना कोरा ठेवू नका."

मी नाव खोडलं आणि माझ्या सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलं. बावीस वर्षं दुसऱ्यांना लिहायला लावलं, स्वतःबद्दल पहिल्यांदाच लिहिलं.

पहिलं बक्षीस बायकोला मिळालं. निकाल सांगताना बाई म्हणाल्या की तीस वर्षांत शाळेत इतकं स्वच्छ काम त्यांनी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर निवृत्त झाल्या नसत्या. सगळ्यात जोरात टाळ्या सायलेन्सरने वाजवल्या. बायको रडली आणि ग्रीसच्याच फडक्याने डोळे पुसले. तिचा फक्त अर्धा गुण कापला गेला होता: 'दाराच्या रंगावर ग्रीसचा डाग, कफाच्या आकाराचा.'

"म्हणजे हिशेबाने तुमचं योगदान उणे अर्धा होतं," बाई मला म्हणाल्या. "निरंक लिहू देऊन मी सवलतच दिली."

सवयीप्रमाणे मी त्या फॉर्मची शिक्का मारलेली खरी प्रत मागून घेतली. तिच्यावर खाली तिन्ही परीक्षकांच्या सह्यांनिशी लिहिलं आहे की 'सदर गृहस्थांचा या गाडीच्या बांधणीशी कोणताही संबंध नसल्याची समक्ष खात्री केली.' त्याच संध्याकाळी मी ती फ्रेम करून आणली. सोमवारी सकाळी चषकाच्या बाजूला, कुणाचीही मदत न घेता, माझ्या हाताने भिंतीत खिळा ठोकला, फ्रेम टांगली आणि कामावर गेलो. दिवसभर मी एकही अर्ज परत पाठवला नाही.

संध्याकाळी घरी आलो. फ्रेम सरळ होती, सकाळपेक्षा बरीच सरळ. मी जरा पुढे होऊन खिळा पाहिला. खिळ्याच्या डोक्यावरून भिंतीपर्यंत एक बारीक पिवळी रेघ ओढलेली होती.