दत्तोपंतांची हजेरी

यादीची पहिली ओळ पाहिली आणि माइकसमोरच्या सुपरवायझर साहेबरावनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"वाच की! मोठ्यानं वाच!" मॅनेजर दत्तोपंत मंचावरून ओरडले.

चितेगावच्या त्या कारखान्यात काँप्युटर येऊन जेमतेम महिना झाला होता. नामांतराच्या बंदच्या दिवशी एसटी नसतानाही जे पायी कामावर आले, त्यांचा आज सत्कार होता. मुंबईहून मालक आले होते. गेटवरच्या नोंदीवरून काँप्युटरनं काढलेली त्या दिवसाची हजेरी थेट वाचायची, असा हुकूम दत्तोपंतांचाच.

साहेबरावनं घसा खाकरला. "मल्हारी, कांदे चाळीस किलो. भिकन, तिखट लई कमी. मॅनेजर दत्तोपंत, सडके, परत पाठवणे."

मांडव हसून आडवा झाला. प्रोग्राम लिहिणारी मीनाक्षी तीरासारखी काँप्युटरच्या खोलीकडे पळाली. मागोमाग दत्तोपंत.

"साहेब, ड्रायव्हर चुकलाय!" स्क्रीन पाहताच मीनाक्षी म्हणाली.

दत्तोपंतांनी दारातल्या फकिराला धरलं. तो जीप चालवायचा. "काय केलंस रे?"

"म्या? म्या तर सकाळधरनं जीपमंदीच बसलो हुतो!"

"तो नाही हो! ड्रायव्हर म्हणजे माझा प्रोग्राम. डिस्कवरची माहिती मेमरीत कुठं उतरवायची ते तो सांगतो. हजेरी पुरती उतरण्याआधीच त्यानं ती जागा सोडून दिली. नेमकी तेव्हाच कँटीनच्या सारजाबाईंनी भाजीची यादी मागितली, ती तिथंच येऊन बसली. नावं हजेरीची, पुढचं सगळं भाजीचं!"

"मालकांचा चहा संपायच्या आत दुरुस्त कर!"

मीनाक्षीनं कीबोर्ड पुढ्यात ओढला. डिस्क 'झालं' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, एवढंच तर लिहायचं होतं! मालकांचा दुसरा कप संपता संपता प्रिंटर खडखडला. कागद फडकवत ती मंचाकडे धावली.

"मल्हारी, हजर!" टाळ्या. "भिकन, हजर!" आणखी टाळ्या. मीनाक्षीला नाचावंसं वाटलं.

"मॅनेजर दत्तोपंत..." साहेबरावनं पुन्हा कागद उलटसुलट केला. मालकांनी कागद स्वतःच घेतला.

"गैरहजर? अहो, त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, कारखान्यातूनच बोलतोय!"

घाम पुसत दत्तोपंत हळूच मीनाक्षीच्या कानाशी वाकले.

"पोरी, ती जागा पुन्हा जरा लवकर सोडता येईल का? मला 'सडके' परवडलं."