खलियात तेल किती?

सर्जेराव औताडे मोनिका मॅडमच्या टेबलासमोर बसले होते आणि विचारू की नको, या विचारात मघापासून चष्मा पुसत होते. सात आठवड्यांत त्यांचं वजन पाच किलोंनी उतरलं होतं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नऊ किलो उतरवा, नाहीतर ऑपरेशनची तारीख घ्या. तेव्हापासून एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला हा भरदार माणूस दिवसाला चौदाशे कॅलरींवर जगत होता. जे तोंडात जाईल ते मोबाइलमधल्या ॲपमध्ये भरायचं आणि आठवड्यातून एकदा टीव्ही सेंटरजवळच्या या क्लिनिकमध्ये येऊन दाखवायचं.

"मॅडम," अखेर ते म्हणाले, "येत्या रविवारी एक लग्न आहे. तिथं नान-खलिया राहणार. तेवढा बसवायचाय."

"कशात?"

"चौदाशेत."

मोनिका मॅडम नाशिकच्या. संभाजीनगरात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. "खलिया म्हणजे नक्की काय काका?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. सर्जेरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सांगायला सुरुवात केली. खलिया म्हणजे मटणच, पण त्याला नुसतं मटण म्हणणं बरोबर नाही. ते लाकडाच्या जाळावर मोठ्या देगेत शिजतं. बरोबर भट्टीतला पिवळाधमक नान. तो मोडायचा, रश्शात बुडवायचा आणि वर जी लाल तर्री तरंगते ती नानाला पिऊ द्यायची. तर्री नसेल तर मग घरी बसून वरणभात खाल्लेला काय वाईट? हे सगळं सांगून होईस्तोवर बाहेर बसलेल्या दोन बायका घड्याळ बघून निघून गेल्या होत्या.

मोनिका मॅडमनी ॲपमध्ये शोधलं. खलिया असं लिहिल्यावर ॲपनं थोडा विचार केला आणि कलिंगड दाखवलं. शंभर ग्रॅमला तीस कॅलरी.

"हे चालंल की," सर्जेराव म्हणाले.

मॅडम हसल्या. "काका, काहीही बसवता येतं, फक्त प्रमाण कळायला हवं. माणशी मटण किती, तेल किती. तेल सगळ्यात महत्त्वाचं. एका छोट्या चमच्याला पंचेचाळीस कॅलरी जातात. तेवढं विचारून या, मी शनिवारपर्यंतचं जेवण त्या हिशेबानं आखून देते."

लग्न साधंसुधं नव्हतं. चांदपाशाच्या धाकट्या लेकीचं, निलोफरचं होतं. चांदपाशा ड्रायव्हर आणि सर्जेराव कंडक्टर, अशी जोडी वैजापूरच्या गाडीवर अकरा वर्षं चालली होती. पिशोरहून नवीनच नोकरीला आलेल्या सर्जेरावांना दीडच महिना झाला असेल, तेव्हा चांदपाशाचं स्वतःचं लग्न निघालं. शहराची ओळख नाही, मांडवात ओळखीचं कुणी नाही. सर्जेराव एका कोपऱ्यात चोरासारखे बसले होते. तेवढ्यात डोक्यावरचा सेहरा एका हातानं बाजूला धरून खुद्द नवरदेव त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला आणि वाढप्याला म्हणाला, "ये हमारा कंडक्टर है. इसको तर्री दबा के डालो." त्या दिवशी सर्जेराव आयुष्यात पहिल्यांदा खलिया जेवले. बोटांची हळद तीनदा साबण लावूनही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी वैजापूरला गेलेल्या प्रत्येक उतारूच्या तिकिटावर पिवळा अंगठा उमटला होता.

त्यामुळं चांदपाशाच्या दारी जाऊन काकडी खाणं त्यांना शक्य नव्हतं. आणि आपण डाएटवर आहोत हे चांदपाशाला सांगणंही शक्य नव्हतं, कारण मग ते साऱ्या डेपोला कळलं असतं. म्हणून त्यांनी फोनवर सहज विचारल्यासारखं केलं.

"पाशाभाई, खलियात तेल किती टाकतात रं?"

"मला काय माहीत? पत्रिका वाटून पाय तुटले माझे," चांदपाशा म्हणाला. "वस्तादला विचार. गफूर वस्ताद. किराडपुऱ्यात राहतो."

गुरुवारी सकाळी सर्जेराव किराडपुऱ्यात पोचले. गफूर वस्ताद अंगणात स्टुलावर बसून देगांना कल्हई करून घेत होते. पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. चाळीस वर्षं शहरातल्या दावती त्यांच्या हातच्या होत्या. सर्जेरावांनी चांदपाशाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी अदबीनं खुर्ची दिली, चहा मागवला. सर्जेरावांनी खिशातून कागद-पेन्सिल काढली. नियंत्रक म्हणून वर्षानुवर्षं डेपोत उशिरा आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांची चौकशी केल्यामुळं त्यांच्या साध्या विचारण्यालाही चौकशीचा सूर होता.

"एका देगेत मटण किती?"

"चालीस किलो."

"माणसं किती जेवतात?"

"तीन सौ."

"आणि तेल?"

"जितना लगता उतना."

"तरी पण?"

"होंगा दस-बारा किलो."

"दहा का बारा?"

वस्तादांनी मान वर केली. सर्जेरावांचं लक्ष कागदाकडं होतं. दहा किलो भागिले तीनशे. पण सगळी तर्री वाढली जाते की थोडी देगेतच राहते, यावर सगळं गणित अवलंबून होतं. म्हणून त्यांनी पेन्सिल वर करून विचारलं, "वस्ताद, आणलेलं तेल सगळं लोकांच्या पोटातच जातं ना?"

कल्हई करणाऱ्याचा हात थांबला.  वस्ताद शांतपणे म्हणाले, "आपको पाशाभाई ने भेजा?"

"हां, त्यांनीच सांगितलं. म्हणले, वस्तादलाच विचार."

"ठीक है," वस्ताद म्हणाले आणि उठून आत गेले. चहा काही सर्जेरावांपर्यंत पोचला नाही. पण माणशी तेहेतीस ग्रॅम हा आकडा हाती आल्यामुळं ते खुशीत घरी आले.

संध्याकाळी चांदपाशाचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"सर्जा, तू वस्तादला काय बोलला?"

"काही नाय. तेल विचारलं."

"ते म्हणतात, पाशाभाईनं माझ्यावर इन्स्पेक्टर सोडला. मी तेल चोरतो का विचारायला. बयान्याचे पैसे परत पाठवले रे त्यांनी. म्हणतात दुसरा आचारी बघा." चांदपाशा थांबला. "रविवारी दावत आहे. सहाशे माणूस. मी चार जणांना फोन लावले, सीझन आहे, एक पण मोकळा नाही. तुझी वहिनी, कमरुन्निसा, सकाळपासून उपाशी होती, आता रडून राहिली."

सर्जेरावांनी फोन ठेवून चष्मा काढला. बायको सुरेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं?"

"निलोफरच्या लग्नाचा खलिया मोडला."

"कुणी?"

"मी," सर्जेराव म्हणाले.

शुक्रवारी दोघं मित्र एका स्कूटरवर बसून निघाले. गफूर वस्ताद रोशन गेटजवळ एका बाळाच्या अकीक्याच्या जेवणावर होते. मोकळ्या जागेत दोन देगा चढल्या होत्या आणि धुरात वास असा पसरला होता की सर्जेरावांचे पाय आपोआप हळू झाले. त्या दिवसाच्या त्यांच्या सहाशे ऐंशी कॅलरी शिल्लक होत्या आणि त्या रात्रीच्या दोन भाकरी, मेथीची भाजी आणि मुगाच्या वरणासाठी राखलेल्या होत्या.

वस्तादांनी चांदपाशाला सलाम केला. सर्जेरावांकडं बघितलं नाही.

"वस्ताद, चूक माझी आहे," सर्जेराव म्हणाले. "पाशाभाईला यातलं काहीच माहीत नाय. माझे गुडघे गेलेत. वजन कमी करायचंय म्हणून एका मॅडमकडं जातो. रोज किती खायचं ते मोजून मिळतं. निलोफरच्या दावतीत पोटभर खलिया खाता यावा म्हणून मी तेल विचारत होतो. आठवडाभर त्या मापानं उपाशी राहणार होतो."

चांदपाशानं मान वळवून मित्राकडं पाहिलं. "तू डाएटवर आहे?"

"सात आठवडे."

"आणि मला बोलला नाही?"

"तू डेपोभर सांगितलं असतं."

चांदपाशानं यावर थोडा विचार केला. "हौ, सांगितलं असतं," तो म्हणाला.

वस्ताद दोघांकडं बघत होते. मग त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं एक लाकडी बाकडं पुसलं. "पहले खाओ," ते म्हणाले. "मेरे हाथ का खाना कोई गिनके खाता, ये मेरेकू मंजूर नहीं. बिना गिने खाओ, फिर रविवार की बात करेंगे."

देगेचं झाकण सरकलं. थाळीत खलिया आला आणि त्यावर वस्तादांनी स्वतःच्या हातानं पळीभर तर्री ओतली. सर्जेरावांनी चांदपाशाकडं पाहिलं. चांदपाशाच्या डोळ्यांत लेकीच्या लग्नाची सगळी काळजी साचली होती. मग सर्जेरावांनी नान मोडला.

 पहिल्याच घासाला त्यांनी डोळे मिटले. पहाटेची वैजापूरची गाडी, काचेवरचं दव, कमरुन्निसावहिनींनी इंजिनाच्या गरम बॉनेटवर ठेवायला म्हणून दिलेला डबा, आणि लासूर स्टेशनला गाडी थांबली की दोघांनी घाईघाईनं मारलेले चार घास, हे सगळं कुठून तरी वर आलं. "पाशाभाई, तो लासूरचा म्हातारा आठवतो का?" ते म्हणाले. "कोंबडीचं अर्धं तिकीट मागायचा."

"मरेपर्यंत मागितलं त्यानं," चांदपाशा म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

पहिली थाळी वस्तादांचा राग जाण्यासाठी होती. दुसरी राग गेला म्हणून आली. तिसरी का आली हे कुणी विचारलं नाही. ती संपल्यावर वस्ताद चांदपाशाला म्हणाले, "परसों फजर की नमाज के बाद लकड़ी पहुंचा देना. मैं आता."

शनिवारी सकाळी सर्जेरावांनी मोनिका मॅडमना फोन लावून सगळं खरं सांगून टाकलं. फोन चुकून स्पीकरवर होता.

"तीन प्लेट?" मॅडमचा आवाज घरभर ऐकू आला. "काका, मग रविवारचं विसरा. आज ताक, काकडी, एक भाकरी. उद्या लग्नात फक्त कोशिंबीर. सोमवारी वजन आहे."

"मी बघते मॅडम," मागून सुरेखा म्हणाली. "मोबाइल पण माझ्याकडंच ठेवते."

रविवारी हर्सूलच्या बाजूला एका लॉनवर दावत होती. निकाह झाला, खजूर वाटले गेले. सुरेखा बायकांच्या बाजूला जाताना सर्जेरावांकडं असं बघून गेली की वेगळं बोलायची गरज उरली नाही. सर्जेराव जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बसले. डावीकडं रामकिसन गाडेकर, समोर डेपोतलीच आणखी सात-आठ निवृत्त मंडळी. नान आले, खलिया आला. सर्जेरावांनी ओंजळीनं थाळी झाकली आणि कांद्याची एक चकती उचलली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गफूर वस्ताद स्वतः आले. दोन्ही हातांत रुमालानं धरलेली एक लहान पितळी पातेली होती. ती त्यांनी सर्जेरावांसमोर ठेवली.

"साब, ये आपके वास्ते अलग. दुधी का खलिया. मसाला वही, बस तेल एक चमचा." त्यांनी आवाज खाली आणला. "चालीस साल में पहली बार चमचे से नापा."

सर्जेरावांनी दोन्ही हातांनी पातेली जवळ ओढली.  वस्ताद गेले. सर्जेराव झाकण काढणार, तोच रामकिसन वाकला.

"हे काय वेगळं?"

"काही नाय. दुधी आहे."

"वस्ताद स्वतः घेऊन आला, पितळी भांड्यात, आणि नुसता दुधी व्हय? आम्हाला येड्यात काढू नको सर्जेराव. वाढ थोडं."

सर्जेरावांनी वाढलं. समोरच्यांनी थाळ्या पुढं केल्या. त्यांनाही वाढलं. मागच्या दस्तरखानावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चव घेऊन सांगितलं की, अशी हलकी चीज जुन्या काळी फक्त खानदानी घरांत व्हायची. मग शेजारच्या रांगेतून वाटी आली, पलीकडून एक लहानगी निरोप घेऊन आली, नवरदेवाच्या मामांनी हैदराबादी उर्दूत चौकशी केली. सर्जेराव वाढत राहिले. एवढ्या लोकांना वाढायला मिळालं म्हणून त्यांना बरंही वाटत होतं. शेवटी पळी तळाला लागली तेव्हा त्यांची स्वतःची थाळी कोरडी होती.

वस्ताद पुन्हा आले, रिकाम्या पातेलीत डोकावले आणि जागीच उभे राहिले. मेहमान उपाशी बसलेला त्यांच्यानं बघवेना. "अब तो दुधी नहीं बचा, साब," ते म्हणाले. "अब यही खाना पड़ेगा."

आणि त्यांनी तर्रीसकट मटणाचा खलिया वाढला.

इतक्यात चांदपाशा येऊन सर्जेरावांशेजारी बसला. शेरवानीची वरची गुंडी निघाली होती. सकाळपासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं. थोड्या वेळानं लेक हैदराबादला निघणार होती आणि त्याला कुठंतरी पाच मिनिटं बसायचं होतं. त्यानं वेगळी थाळी मागितली नाही. सर्जेरावांच्याच थाळीतला नान मोडला, तर्रीत बुडवला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

"खा," सर्जेराव म्हणाले.

"तुझं किती झालं?"

"कशाचं?"

"ते मोजमाप."

"मोबाइल सुरेखाकडं आहे," सर्जेराव म्हणाले. दोघं गुमान जेवू लागले.

त्या लग्नात कुणाला काही कमी पडलं नाही. फक्त डेपोतल्या जुन्या मंडळींत पुढं कितीतरी दिवस एक तक्रार चालू होती. खलिया काय, तो कुठल्याही लग्नात असतो, पण चांदपाशानं दुधी मात्र फारच कमी केला होता.