निबियाची ट्यूब आणि स्टेशन क्लबचा चषक

या बाबतीत कुणाचंही ऐकायचं नाही, असं निबियानं ठरवून टाकलं होतं. साल्तो गावातल्या शाळेत भूगोल शिकवणारी बाई ती! नद्यांनी कुठून वाहावं, वाळवंटांनी कुठं थांबावं, हे सगळं ती ठामपणे सांगायची. मग स्वतःच्याच अंगात पेटलेल्या वाळवंटाचा निर्णय तिला घेता येऊ नये?

पाळी जाऊन वर्ष झालं होतं. झोप तर तिच्याही आधी गेली होती. अंटार्क्टिका शिकवताना बाईंच्या कपाळावरून घामाचे थेंब नकाशावर पडत, आणि पोरं गुपचूप उठून खिडक्या उघडत.

यावर नवऱ्याचं, म्हणजे हेबरचं मत तयार होतं. रविवारी शेगडीवर मांस उलथता उलथता तो चार पाहुण्यांदेखत म्हणाला, "हार्मोन-बिर्मोन कशाला? माझ्या आईनं वर्तमानपत्रानं वारा घेतला, संपलं!"

"तुझ्या आईनं त्या काळात तुझ्या बापाला कोंबड्यांच्या खुराड्यात झोपवलं होतं, हेबर."

डॉक्टर इरिगोयेननी तर घड्याळावरची नजरही काढली नाही. "वय झालंय, बाई. हे हार्मोनचं जेल, कातडीला चोळायचं. ही सोबतची गोळी. घ्यावंसं वाटलं तर घ्या, नाहीतर राहू द्या. विचार करा!"

"पण विचार कशावरून करू? माझी मावशी स्तनाच्या कर्करोगानं..."

"पुढचा पेशंट!"

बाजारात संत्री घेतानासुद्धा माणूस दोन दाबून बघतो! निबिया दाणदाण पावलं टाकत घरी आली. ट्यूब तिनं न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली आणि खोकं, आतल्या माहितीच्या कागदासकट, पर्समध्ये. सगळं वाचून झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही!

झाकणाला हात लावला हेबरनं.

हेबर स्टेशन क्लबच्या पन्नाशीपुढच्या फुटबॉल संघात बचावाला उभा राहायचा. हा संघ त्या हंगामात तोवर फक्त नाणेफेक जिंकला होता. सामन्याआधी सगळ्यांनी एकाच मलमानं गुडघे चोळायचे, अशी रीत. आणि एका रविवारी मलम आणायची पाळी हेबरची होती. चष्मा लावून मैदानावर जाणं त्याला कमीपणाचं वाटे. फळीवरची ट्यूब त्यानं खिशात टाकली.

"याला वासच नाही की रे!" गोलकीपर लोलो म्हणाला.

"भारीतल्या मालाला वास नसतो," हेबरनं सुनावलं.

आणि ते जिंकले!

आता त्या मुलखात जिंकलेला मोजासुद्धा धूत नाहीत. जिंकल्या दिवशी जे जे केलं, ते ते पुढच्या सामन्याला तसंच्या तसं करायचं, नाहीतर हरल्याचं खापर आपल्या डोक्यावर. त्यामुळे ‘माते’ नावाच्या कडू चहाचा तोच थर्मास, तीच बाकावरची जागा आणि तीच ट्यूब! पुन्हा जिंकले. त्यानंतरही जिंकले. हेबर दर वेळी ट्यूब इमानदारीनं फळीवर परत ठेवत होता, जरा बारीक झालेली.

शेवटी एके दिवशी वर्गात सहारा आणि निबिया एकदमच तापली. आता निदान ट्यूबवरचं पुन्हा वाचून बघू, म्हणून तिनं घरी येऊन ट्यूब उचलली. हाताला चपातीसारखी चपटी लागली.

"हेबर! हे कुणी पिळलं?"

"तू हात लावू नकोस हं! संघाची आहे ती. अंतिम फेरी आहे आमची!"

निबियानं त्याचा चष्मा आणला, स्वतःच्या हातानं त्याच्या नाकावर बसवला आणि ट्यूब पुढे धरली. हेबरनं वाचलं. मग तो खाली बसला.

संध्याकाळपर्यंत अख्खा संघ त्यांच्या अंगणात होता.

"माझी छाती मंगळवारपासून खाजतेय," लोलो म्हणाला.

"मी काल मालिका बघताना रडलो!" दुसरा कुणीतरी.

"तू राष्ट्रगीतालाही रडतोस."

"वहिनी, याचे धोके काय असतात हो? कुणी नीट सांगतच नाही!"

"नाही ना सांगत?" निबिया म्हणाली.

सकाळी सगळे दवाखान्यात. आणि काय सांगावं! तेच इरिगोयेन, तेच घड्याळ; पण गोलकीपर घाबरलाय म्हटल्यावर डॉक्टरांनी खुर्च्या मागवल्या. फळ्यावर चित्र काढलं. थोडक्या जेलनं पुरुषांना कायमचं काही होत नाही, पण यापुढे शिवायचंही नाही, हे पुनःपुन्हा समजावलं. एकेकाची शंका ऐकून घेतली. लोलोची तर दोनदा!

मागच्या रांगेत निबियाच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता, आणि या वेळी तो हार्मोनचा नव्हता. ती उठली.

"ही ट्यूब माझ्या नावावर लिहिली होती, डॉक्टर. मला तुम्ही खुर्चीसुद्धा दिली नव्हती! आता माझं ऐका. मावशी कर्करोगानं गेली. मी हे घ्यायचं की नाही?"

डॉक्टरांनी खडू खाली ठेवला. "मावशी कितव्या वर्षी?"

"सत्तरी उलटल्यावर. घरात बाकी कुणालाच नाही."

"तुम्हाला स्वतःला कधी गाठ? रक्ताची गुठळी? यकृताचा त्रास?"

"नाही."

"मग त्या एका मावशीमुळे दार बंद होत नाही. धोका आहे, पण तुमच्या वयात, तुमच्या तब्येतीत थोडा. जेलनं गुठळीची भीती याच हार्मोनच्या गोळ्यांपेक्षा कमी. गर्भाशय आहे, म्हणून त्याच्या रक्षणाला दिलेली ती सोबतची गोळी चुकवायची नाही. झोप येईल, वाफा थांबतील, हाडांनाही बरं. स्तनांची तपासणी करत राहायची, वर्षानं पुन्हा बसून ठरवायचं. आणि नको वाटलं, तर दुसरे उपायही आहेत. निर्णय तुमचा."

एवढंच हवं होतं! एवढ्यासाठी अख्खा फुटबॉल संघ बाटवावा लागला!

निबियानं निर्णय घेतला, नवी ट्यूब आणली, आणि काही आठवड्यांत ती दगडासारखी झोपू लागली.

पण त्याआधी, अंतिम सामन्याच्या सकाळी, दारावर टकटक झाली. बाहेर सगळा संघ, खाली माना घालून.

"वहिनी," लोलो म्हणाला, "चोळणार नाही, आईशप्पथ. ट्यूब नुसती बाकावर ठेवतो."

निबियानं दार लावून घेतलं.

स्टेशन क्लब चार गोलांनी हरला. आजही ती बाजारात गेली, की संत्रीवाला हळहळतो, "बाई, तुमच्या हट्टापायी चषक गेला हो!"

निबिया दोन संत्री दाबून बघते आणि तिसऱ्याच दुकानात जाते.