अण्णा घरी नाहीत

आमच्या शेजारचे नेमगोंडा अण्णा अनोळखी माणसाला कधीच घरी सापडत नाहीत. म्हणजे असतात घरीच. दारही तेच उघडतात. लुंगी-बनियनवर उंबऱ्यात उभे राहतात आणि समोरच्यानं "नेमगोंडा पाटील इथंच राहतात का?" असं विचारलं, की शांतपणे सांगतात, "ते न्हाईत. भाईर गेल्यात."

"कधी येतील?"

"त्यांचं काय सांगता येत न्हाई."

"आपण कोण?"

"मी हितंच असतो."

माणूस गेला की मला हाक मारून विचारायचे, "हितंच असतो, हे तरी खरं हाय का न्हाई, वहिनी?"

यामागं त्यांचं एक शास्त्र होतं. "आवं, आदी त्यो कोण हाय ते बघायचं. मंग आपण कोण व्हायचं ते ठरवायचं. आदीच नाव सांगून बसलं की हातात काय ऱ्हात न्हाई."

एकदा जयसिंगपूरकडचे कुणी लांबचे पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आले. अण्णांना त्यांनी लहानपणीच कधीतरी पाहिलेलं. नेमगोंडा बेळगावला गेलेत असं अण्णांनी त्यांना सांगितलं. बिचारे म्हणाले, "मग ही पत्रिका त्यांना नक्की द्या." "देतो की," म्हणून अण्णांनी घेतली. लग्नाला गेले. मांडवात त्या पाहुण्यांनी ओळखलं, "तुम्ही नेमगोंडांकडचे ना?" आता कुठल्या तोंडानं सांगणार? अण्णांनी नेमगोंडांच्या नावानं आहेर केला, नेमगोंडांना येता आलं नाही म्हणून माफी मागितली, आणि नेमगोंडांसाठी दिलेला लाडूंचा पुडा घेऊन सांगलीला परत आले.

अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. लग्न केलेलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली, त्यामुळं अण्णांना वाढवलं ते आक्कांनीच. आक्का सकाळी मंदिरात जातात, तेवढा वेळ अण्णा घरात एकटे असतात, आणि नेमके तेव्हाच लोक त्यांना शोधत येतात.

बाकी व्यवहारात माणूस लख्ख. फ्रीज हप्त्यानं घेतला, स्कूटर हप्त्यानं घेतली, एक हप्ता कधी चुकला नाही. हप्त्याच्या दिवशी बँकेनं खात्यातून पैसे कापून घेतले नाहीत तर अण्णांना चैन पडायचं नाही. दुपारी ते शाखेत जाऊन उभे राहायचे. "आजून घेतला न्हाई तुमी. काय अडचन हाय का?" असं काळजीनं विचारायचे. आमच्या ह्यांनी एकदा मोबाइलवर त्यांचा क्रेडिट स्कोर काढून दाखवला, तर तो आठशेच्या वर. तेव्हापासून गल्लीत कुणी "बरं आहे ना अण्णा?" विचारलं की ते म्हणत, "आटशेच्या वर हाय."

गेल्या वर्षी एका संध्याकाळी अण्णा आमच्याकडं आले. मी शिलाई मशीनवर होते. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "वहिनी, एक कर्ज काढायचं हाय. आक्काला कळू देऊ नका."

मी मोबाइलवर अर्ज भरायला घेतला. कर्ज कशासाठी, याचे पर्याय वाचून दाखवले. लग्न, प्रवास, उपचार, घरदुरुस्ती. 'लग्न' म्हटल्यावर अण्णा खाली बघून हसले. "ह्यातलं काय न्हाई," म्हणाले. "घाला की आपलं, इतर."

ते हसणं मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी समोरच्या काकांना सांगितलं. दोन दिवसांत गल्लीनं अण्णांचं लग्न ठरवलं, आणि मुलगी कराडची आहे इथपर्यंत बातमी माझ्याकडं परत आली.

आठवड्यानं बँकेचा निरोप आला. अर्ज नामंजूर. कारण दिलेलं नव्हतं.

अण्णांनी तो निरोप माझ्याकडून वाचून घेतला, मग परत वाचायला लावला. "पर आटशेच्या वर हाय की," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते नेहमीसारखे सूर्यास्ताआधी जेवायला बसले आणि न जेवताच उठले. आक्कांना पोट बिघडल्याचं सांगितलं. आक्कांनी त्यांना ओवा खायला घातला.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन बँकेत गेले. तिथल्या अधिकारी तरुण होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी संगणकात बघितलं. "काका, स्कोर उत्तम आहे तुमचा. पगारही ठीक आहे. अडलंय ते घराच्या पडताळणीत. आमचा माणूस आला होता. तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही असं त्याला कळलं."

"कुनी सांगितलं?" अण्णा तापले.

"घरात एक गृहस्थ होते, त्यांनी. तुम्ही कर्नाटकात गेलात, परत कधी याल सांगता येत नाही, असं म्हणाले."

मी टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

"लुंगी नेसलेले होते म्हणे," बाई म्हणाल्या. "कोण ते? तुमचे भाऊ का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "त्यो मीच."

बाईंना हे समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुम्ही घरी नाही, असं तुम्हीच सांगितलंत?"

"मला काय म्हाईत तुमचा मानूस हाय म्हनून?"

"त्यानं ओळखपत्र दाखवलं की."

"मंग तर संशय येनारच की, बाई. खऱ्या मानसाला कशाला लागतंय वळखपत्र?"

बाईंनी तोंडाला रुमाल लावला, थोडं खोकल्या, आणि शेवटी माणूस पुन्हा पाठवायचं कबूल केलं. "पण या वेळी तुम्ही स्वतः भेटा, काका. आणि मीच तो, असं सांगा."

घरी आल्यावर आम्ही तालीम घेतली. आमचे हे दारावर टकटक करायचे आणि विचारायचे, "नेमगोंडा पाटील इथंच राहतात का?" पहिल्यांदा अण्णांच्या तोंडून सवयीनं "न्हाईत" गेलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "मीच, पर तुमी कोण?" तिसऱ्यांदा "मीच" म्हणाले खरं, पण इतक्या पडेल आवाजात, की गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं. ह्यांनी तरी पास केलं.

पडताळणीच्या दिवशी अण्णांनी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट, पँट, खिशात आधार कार्ड. आक्का मंदिरात गेल्या आणि थोड्या वेळात दार वाजलं. मी खिडकीतून बघत होते.

"नेमगोंडा पाटील?"

"मीच," अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. "हे आधार. हा फोटू माझाच हाय, तवा जरा बारीक हुतो. या आत."

मला धन्य वाटलं. मी मशीनवर जाऊन बसले.

पुढचं नंतर कळलं. आलेला माणूस पाणी शुद्ध करायची मशीन विकणारा होता. दारावरच्या पाटीवर त्यानं नाव वाचलेलं. आयुष्यात असं स्वागत त्याचं कुठं झालं नसेल. अण्णांनी त्याला चहा दिला, सगळं घर फिरून दाखवलं, हप्ते फिटलेला फ्रीज उघडून दाखवला. त्यानंही मन लावून ऐकलं आणि नळाचं पाणी तपासायला मागितलं. बँकेचे लोक पाणीसुद्धा बघतात, याचं अण्णांना कौतुकच वाटलं. एवढ्यात पुन्हा दार वाजलं. बाहेर खरा बँकेचा माणूस उभा.

"नेमगोंडा पाटील आहेत का?"

आता एक बँकेचा माणूस आत बसलाय म्हटल्यावर हा दुसरा कोण? अण्णा म्हणाले, "ते आत्ता कामात हायत. नंतर या."

"तुम्ही तेच ना, मागच्या वेळचे?"

"मी हितंच असतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

अर्ज दुसऱ्यांदा नामंजूर झाला. या वेळी बाईंनी फोन करून सांगितलं. म्हणाल्या, माझ्या हातात आता काही नाही. गल्लीनं कराडच्या मुलीबद्दल हळहळ व्यक्त केली. अण्णांनी मात्र कर्जाचं नाव काढायचं सोडलं. कुणी "बरं आहे ना?" विचारलं तर नुसती मान हलवायचे.

महिनाभरानं मी मिरज रोडवरच्या एका फर्निचरच्या दुकानात स्टूल बघायला गेले. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. आत कोपऱ्यात एक भलीमोठी काळी खुर्ची होती. अंग चेपून देणारी, विजेवर चालणारी. ती हळूहळू थरथरत होती, आणि तीत आमच्या आक्का झोपल्या होत्या. तोंड उघडं, नऊवारीचा पदर गळ्यापर्यंत, पाय खुर्चीच्या खोबणीत. शेजारी अण्णा उभे. एका हातात आक्कांची पिशवी, दुसऱ्या हातात आक्कांच्या चपला.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवायचा प्रयत्न केला, ते चपलेसकट.

"कवापास्नं झोप न्हाई हिला," ते अगदी हळू म्हणाले. "मला शिकवायला हळदीच्या गोदामात उभी ऱ्हायली, तवापास्नं पाय दुखत्यात. रात्री मी कूस बदलली की दिसतीच, बसलेली. आमी हितं कपाट बघायला आलतो. गमतीत बसली ह्यात, तर लगेच घोरायला लागली. अशी झोपलेली मी बघितलीच नव्हती, वहिनी."

मी खुर्चीवरची किमतीची चिठ्ठी वाचली आणि मला 'इतर' म्हणजे काय ते कळलं.

"मालकांना सांगितलं मी. बँक देत न्हाई म्हटलं. ते म्हनाले, दुपारी कोन नसतंय, घेऊन येत जावा."

"आणि आक्का तयार झाल्या?"

अण्णा ओशाळले. "तिला सांगितलंय, मशीन बरोबर चालतंय का बघायला मालकाला भरवशाचं मानूस पायजे. तवा येती. फुकट बसा म्हटलं असतं तर पाय ठेवला नसता."

खुर्ची थांबली. आक्कांनी डोळे उघडले, मला बघितलं, पदर सारखा केला. मग गल्ल्यावर बसलेल्या मालकांकडं वळून गंभीरपणे म्हणाल्या, "डाव्या अंगाला आज जरा कमी चालतंय. उद्या परत बघाय लागंल."

"व्हय, आक्का," मालक म्हणाले. "या उद्या."

अण्णांनी खाली बसून त्यांच्या पायांपुढं चपला सरळ करून ठेवल्या. उठताना आधाराला आक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. उभ्या राहिल्यावरही त्यांनी तो जरा वेळ तसाच ठेवला.