तानूमावशीचा विमा

तानूमावशी दर दोन तासांनी तोंडाने कंपनीचा भोंगा वाजवायच्या. चिंचवडला अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचा एक आश्रम होता. मी तिथे लिखापढी करायचो आणि मावशी आया होत्या. भोंगा झाला की "चला, माल पलटा!" म्हणत त्या एकेकाची कूस बदलायच्या. खाटेवरचे एक निवृत्त फोरमन कुरकुरायचे, "मावशी, आज भोंगा पाच मिनिटं लेट."

"मग माजी रजा कापा, पर आदी पाठ दावा!"

सोळा खाटा होत्या, पण पडून पडून एकाच्याही पाठीला जखम झाली नव्हती. हे मी छातीठोकपणे सांगतो.

स्वतःच्या दुखण्याशी मात्र त्यांचं वैर. खोकला आला तर त्यालाच दटावायच्या, "गप रं, कामावर हाय मी." माणसं उचलून उचलून त्यांना हर्निया झाला, तेव्हा पोटावर जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून त्या कामाला लागल्या. डॉक्टरांनी बजावलं, ऑपरेशन करा, नाहीतर जिवावर बेतेल.

आसपासच्या कंपन्यांत कामगाराला विम्याचं कार्ड मिळे, त्यावर घरच्यांचेही उपचार होत. आमच्या आयांना ते नाही, कारण आश्रम म्हणजे कारखाना नव्हे! मी विश्वस्तांकडे तीन अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तर आलं, "विचाराधीन." मला अजून राग येतो.

शेवटी शंकर धावून आला. तो कंपनीत फिटर. त्याची आई चार वर्षं आमच्याकडे पडून होती आणि मावशींच्या मांडीवरच गेली. "माझ्या कार्डावर आईची जागा रिकामीच आहे, मावशी," म्हणत त्याने फॉर्म भरला. नियम ठाऊक असूनही मी त्याला माझं पेन दिलं. विमा दवाखान्यात जाताना आम्ही मावशींना पढवलं, विचारलं तर नुसती मान हलवायची.

खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही यांच्या आई ना?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "ह्याची आई पारूबाई. तिला शेवटची आंगूळ म्या घातली. तिच्या जागंवर मी कशी बसू?"

साहेबांनी फॉर्मवर काट मारून तो परत सरकवला. मी कपाळाला हात लावला. ऑपरेशन पुढे सरकारी इस्पितळात झालं, पाच महिने ताटकळून. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

बाहेर आल्यावर शंकर तो फॉर्म फाडायला लागला, तसा मावशींनी त्याचा हात धरला.

"थांब. ह्यात माजं नाव कुटं हाय?"

त्याने बोट ठेवून दाखवलं.

"आन् आई असं कुटं लिवलंय?"

बोट जरा अलीकडे सरकलं. मावशींना वाचता येत नव्हतं. मूलबाळही नव्हतं. त्यांनी त्या जागेवरून हलकेच अंगठा फिरवला, कागदाची बारीक घडी केली आणि कनवटीला लावली.

"रद्द झालाय न्हवं त्यो?" त्या मला म्हणाल्या. "मंग ऱ्हाऊ द्या माज्यापाशी."